गोणपाटावरील एकटीचे नृत्य : चिलीतील आर्पियेरा आणि क्वेका सोला

नृत्य ही काळात उलगडणारी कला आहे. कापडावरील शिवणकाम अवकाशात स्थिरावते. पाऊल पडते आणि त्याच क्षणी नाहीसे होते. टाका एकदा घातला की उसवेपर्यंत तेथेच राहतो. या दोन कलांची गाठ जेथे पडते तेथे समीक्षेपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : स्थिर वस्त्राला गतिमान नृत्याचे नेमके काय टिपता येते? यावर सामान्यतः असे उत्तर दिले जाते की, वस्त्र नृत्यातील एखादी मुद्रा टिपते आणि उरलेली गती प्रेक्षकाने कल्पनेने पुरवावयाची असते. पुष्कळ चित्रांना व शिल्पांना हे उत्तर लागू पडते. परंतु चिली देशातील लष्करी राजवटीच्या काळात, म्हणजे १९७३ ते १९९० या वर्षांत, तेथील स्त्रियांनी गोणपाटावर शिवलेल्या नृत्यचित्रांच्या बाबतीत ते अपुरे ठरते. या चित्रांत नर्तिकेच्या मुद्रेला फारसे महत्त्व नाही. त्यांचा सारा अर्थ तिच्या समोरच्या मोकळ्या जागेत साठविलेला आहे. ती जागा मोकळी का, आणि कापडावरील रिकामेपणाला निषेधाचे सामर्थ्य कोठून येते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

‘आर्पियेरा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ गोणपाट असा आहे. पुढे गोणपाटावर चिंध्या जोडून शिवलेल्या चित्रालाच तो शब्द रूढ झाला. चिलीमध्ये या कलेची पूर्वपीठिका होती. लोकगीतांची थोर संकलक व कवयित्री व्हिओलेता पार्रा हिने १९५९ च्या सुमारास, आजारपणात अंथरुणाला खिळलेली असताना, गोणपाटावर लोकरीने भरतकाम करण्यास प्रारंभ केला, आणि १९६४ मध्ये पॅरिस येथील लूव्र प्रासादातील अलंकरणकलांच्या संग्रहालयात तिच्या या कृती मांडल्या गेल्या. इस्ला नेग्रा या समुद्रकाठच्या गावातील स्त्रियांनीही भरतकामाची स्वतंत्र परंपरा निर्माण केली होती. परंतु ज्या आर्पियेरांमुळे हा शब्द जगभर पोहोचला, त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतरच्या परिस्थितीत झाला.

त्या दिवशी अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त शासन उलथून पडले आणि जनरल ऑगुस्तो पिनोचेत यांच्या नेतृत्वाखाली लष्करी राजवट सुरू झाली. अटक झालेल्यांपैकी पुष्कळ जण घरी परतलेच नाहीत. तुरुंगात चौकशी करावी तर अशी व्यक्ती येथे नाही असे सांगण्यात येई. न्यायालयात जावे तर अर्ज फेटाळला जाई. मुलाचा, पतीचा, भावाचा शोध घेत एका कचेरीतून दुसरीत हिंडणाऱ्या स्त्रिया तेथल्या रांगांतच एकमेकींना भेटल्या. ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या साहाय्यसमितीने त्यांच्यासाठी व वस्त्यांतील बेकार कुटुंबांतील स्त्रियांसाठी १९७४ पासून शिवणकामाचे वर्ग चालविले. शासनाच्या दडपणामुळे १९७५ च्या अखेरीस ती समिती बंद पडली. तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ च्या आरंभी ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था स्थापन केली, आणि तिच्या आश्रयाखाली हे वर्ग वाढले. तयार झालेली चित्रे संस्था विकत घेई, परदेशी पाठवी, व त्यातून येणाऱ्या पैशांवर पुष्कळ घरांची चूल पेटे.

साहित्य म्हणावे तर अगदी साधे. पाठीला गोणपाट किंवा पिठाच्या पोत्याचे कापड, त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे, लोकरीचे टाके, कापूस भरून केलेल्या लहान बाहुल्या, कडेने विणलेली लोकरीची किनार. मागे बहुधा आंदेस पर्वताची रांग आणि वर सूर्य. काहींच्या पाठीमागे छोटा खिसा असे व त्यात चित्राचा विषय सांगणारी चिठ्ठी असे. मराठी वाचकाला येथे आपल्या गोधडीची किंवा वाकळेची आठवण होणे साहजिक आहे. आजीचे लुगडे, बापाचे धोतर, लेकराचे झबले यांचे तुकडे एकत्र येऊन घराची स्मृती अंगावर पांघरता येते, ही गोधडीची किमया आर्पियेरातही आहे. काही स्त्रियांनी तर नाहीशा झालेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे चित्रात वापरले. परंतु साम्य येथेच संपते. गोधडी घरात राहते आणि ऊब देते. आर्पियेरा घराबाहेर जाण्यासाठी शिवलेली असते आणि पाहणाऱ्याला अस्वस्थ करणे हे तिचे काम असते.

२

नृत्यचित्रांकडे वळण्यापूर्वी त्या नृत्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. क्वेका हे चिलीतील सर्वपरिचित लोकनृत्य आहे. १८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय उत्सवात ठिकठिकाणी मांडव उभारले जातात आणि गिटार, ॲकॉर्डियन, डफ यांच्या साथीवर ते नाचले जाते. स्त्री आणि पुरुष अशी जोडी असते. भोवती जमलेले लोक टाळ्यांनी ठेका धरतात. आरंभी जोडी हातात हात गुंफून फेरी मारते, मग दोघे समोरासमोर उभी राहतात. प्रत्येकाच्या हाती रुमाल असतो. त्यानंतर वर्तुळे, अर्धवर्तुळे, पायांनी जमीन झाडल्यासारख्या हालचाली आणि शेवटी जोरकस पदाघात असा क्रम येतो. स्पर्श जवळजवळ नसतो. रुमाल आणि नजर यांच्या आधारे एकाने पुढे यावे, दुसऱ्याने हुलकावणी द्यावी, असा हा प्रणयाचा खेळ आहे. कोंबडा कोंबडीभोवती घिरट्या घालतो त्याची उपमा या नृत्याला वारंवार दिली जाते. अखेर दोघे पुन्हा जवळ येतात आणि नृत्य संपते.

या वर्णनातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. क्वेकातील प्रत्येक हालचाल दुसऱ्या व्यक्तीच्या स्थानावरून ठरते. अर्धवर्तुळ काढावयाचे ते समोरच्याला मध्यबिंदू धरून. रुमाल फिरवावयाचा तो समोरच्याकडे पाहून. जोडीदार हा या नृत्यात व्याकरणातील कर्मासारखा आहे : तो वगळला तर वाक्य अपूर्ण राहते, आणि अपूर्ण असल्याचे ऐकणाऱ्याला तत्काळ जाणवते.

नेमकी हीच गोष्ट अटक होऊन नाहीशा झालेल्यांच्या नातेवाइकांच्या संघटनेतील स्त्रियांनी हेरली. त्यांनी स्वतःचे लोकगीतपथक उभारले, आणि ८ मार्च १९७८ रोजी, आंतरराष्ट्रीय महिलादिनी, सांतियागो येथील कौपोलिकान नाट्यगृहात ‘क्वेका सोला’, म्हणजे एकटीची क्वेका, प्रथम सादर झाली. पथकातील गाला टोरेस हिने तिचे गीत रचले होते. पांढरा झगा-पोलका आणि काळा घागरा अशा वेषात, छातीवर हरवलेल्या माणसाचे छायाचित्र लावून, एक स्त्री रुमाल हाती घेऊन पुढे आली आणि जोडीचे नृत्य जोडीवाचून नाचली.

काळाचा संदर्भ येथे दृष्टिआड करता येत नाही. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९७८ मध्ये, शासनाने माफीचा हुकूम काढला आणि सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ या काळातील गुन्ह्यांवर पडदा टाकला. त्याआधी, १९७५ मध्ये, नाहीशा झालेल्यांपैकी ११९ जण परदेशात आपल्याच साथीदारांशी झालेल्या झगड्यात मारले गेले, अशी खोटी बातमी पसरविण्यात आली होती. नोव्हेंबर १९७८ मध्ये लोंकेन येथील चुन्याच्या भट्टीत पंधरा शेतकरी-मजुरांचे अवशेष सापडले, तेव्हा नातेवाईक काय म्हणत होते ते उघड झाले. थोडक्यात, राजवटीचा दावा असा होता की ही माणसे नाहीतच, किंवा कोठेतरी निघून गेली आहेत. या दाव्याला तर्काने उत्तर देण्यास न्यायालय बंद होते. क्वेका सोलाने रचनेने उत्तर दिले. येथे एक माणूस असावयास हवा, हे ती प्रत्येक पावलाने दाखवून देत होती.

३

आता कापडाकडे यावे. क्वेका सोलाच्या आर्पियेरांत सामान्यतः अशी मांडणी आढळते : मागे एका ओळीत स्त्रिया उभ्या किंवा बसलेल्या, कोणाच्या हाती गिटार, सर्वांच्या छातीवर छायाचित्राचा लहानसा चौकोन, पुढे एक स्त्री, एक हात उंचावलेला, हातात पांढऱ्या कापडाचा कपटा म्हणजे रुमाल. तिच्या भोवती मोकळे कापड.

प्रा. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या घटनेमागे लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. त्या दृष्टीने या चित्रांची पाहणी उद्बोधक ठरते. मागच्या रांगेतील पांढऱ्या-काळ्या आकृतींची पुनरावृत्ती हा उघड संवाद आहे. काळ्या घागऱ्यांशी रंगीत डोंगर आणि पिवळा सूर्य यांचा विरोध आहे. प्रश्न उद्भवतो तो समतोलाचा. एका बाजूस नर्तिका आणि दुसऱ्या बाजूस काहीच नाही, अशा मांडणीत चित्र एकीकडे झुकावयास हवे. परंतु क्वेका ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ते झुकलेले वाटत नाही. नर्तिकेचा हात, मान आणि रुमाल ज्या दिशेला वळलेले आहेत तेथे एका माणसाचे वजन त्याला जाणवते. रिकामी जागाच तुल्यभार होते.

येथे मर्ढेकरांच्या भूमिकेची मर्यादाही स्पष्ट होते. केवळ रंग, आकार आणि त्यांचे परस्परसंबंध एवढ्याच ऐंद्रिय घटकांवर हा समतोल उभा राहत नाही. क्वेका कधीच न पाहिलेल्या माणसाला त्याच चित्रात एक नाचणारी बाई आणि काही उरलेले कापड एवढेच दिसेल. म्हणजे कृतीचा घाट पुरा होण्यासाठी लौकिक ज्ञानाची, एका समाजाच्या सामाईक सवयीची, गरज आहे. याचा अर्थ कृती कलादृष्ट्या उणी आहे असा नाही. नृत्याची रीत हीच येथे रंग-रेषांइतकी माध्यमाचा भाग झालेली आहे. लौकिक आणि कलात्मक यांच्यामध्ये आपल्याकडील सौंदर्यविचाराने जी भिंत पुष्कळ काळ उभी ठेवली, ती या गोणपाटासमोर टिकत नाही. जे लौकिक आहे तेच येथे रचनेचा आधार आहे.

आर्पियेरातील बाहुल्या बहुधा प्रेक्षकाकडे तोंड करून असतात. शिक्षण न घेतलेल्या हातांचा हा संकेत आहे. मुलांच्या चित्रांतही तो आढळतो, आणि त्यामुळे या कृतींना ‘भाबड्या’ म्हणण्याची प्रथा पडली. परंतु क्वेका सोलाच्या चित्रात या संकेताला अनपेक्षित अर्थ प्राप्त होतो. नृत्यात नर्तिका जोडीदाराकडे पाहते. चित्रात ती आपल्याकडे पाहते. त्यामुळे जोडीदाराच्या जागी पाहणारा येऊन उभा राहतो. त्याने ती जागा भरून काढावी अशी अपेक्षा नाही, कारण ती भरून निघणारी नाही. ती जागा कोणी रिकामी केली, याचे उत्तर त्याला द्यावे लागते. शिवणाऱ्या स्त्रीने हे तत्त्व म्हणून योजले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. कृतीत ते घडते, आणि समीक्षेला कृतीपाशीच थांबावयाचे असते.

आणखी एक गोष्ट. रंगमंचावर एकटीने नाचलेली क्वेका काही मिनिटांत संपे. वस्त्रावर ती संपत नाही. जोडी जवळ येण्याचा शेवटचा क्षणही तेथे येत नाही. नाहीसे झालेल्याच्या कुटुंबाची अवस्था हीच असते. मृत्यू झाला म्हणावे तर देह नाही. जिवंत म्हणावे तर माणूस नाही. शोकालाही आरंभ आणि शेवट लागतो, आणि तो येथे नाकारलेला असतो. वस्त्राची स्थिरता, जी नृत्याच्या चित्रणात एरवी उणीव मानली जाते, ती या एका विषयात आशयाशी एकरूप होते. लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : या वस्त्राने टिपले आहे ते नृत्याचे न संपणे.

४

हे एकटीचे नृत्य सामूहिक कसे, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर मागच्या रांगेत आहे. नर्तिका एकटी आहे, पण एकाकी सोडलेली नाही. मागच्या प्रत्येकीच्या छातीवर छायाचित्र आहे. म्हणजे पुढची जागा त्यांच्यापैकी कोणीही घेऊ शकते, आणि पाळीपाळीने घेतेही. उत्सवातील क्वेकाभोवती टाळ्या देणारे जे वर्तुळ असते त्याचेच हे रूपांतर आहे. निर्मितीची पद्धतही अशीच सामुदायिक होती. स्त्रिया एकत्र बसून शिवीत, चिंध्या वाटून घेत, एकमेकींचे काम तपासून सुधारणा सुचवीत, आणि शिवता शिवता आपली हकीकत सांगत. पुष्कळ चित्रांवर करणारीचे नाव नाही. सुरक्षिततेचे कारण उघड आहे. तरी त्यामुळे प्रत्येक कृती अनेकींची साक्ष झाली, हेही तितकेच खरे.

यावरून दुसरा मुद्दा निघतो, तो उत्सवाचा. निषेधासाठी या स्त्रियांनी विलापगीत निवडले नाही. देशातील सर्वांत आनंदाचे नृत्य निवडले, आणि त्यातील पावले, रुमाल, ठेका यांपैकी काहीही टाकून दिले नाही. चित्रातही सूर्य झळकतो आणि डोंगर रंगीत असतात. या उजळपणावर टीका झाली आहे : भीषण विषयाला हा गोंडसपणा शोभत नाही, परदेशी ग्राहकाला रिझविण्यासाठी तो आला, असे म्हटले जाते. या टीकेचा काही भाग मान्य करावाच लागेल. पण क्वेका सोलाच्या उत्तम चित्रांत आनंदाची खूण दुःखावर घातलेले पांघरूण म्हणून येत नाही. काय हिरावले गेले ते कळण्यासाठी ते आधी दिसावे लागते. जोडीचे नृत्य ज्याने पाहिले आहे, त्यालाच एकटीच्या नृत्यातील तूट मोजता येते.

शासनानेही क्वेकाचे मोल जाणले होते. १९७९ मध्ये लष्करी राजवटीने हुकूम काढून तिला चिलीचे राष्ट्रीय नृत्य ठरविले. क्वेका सोला त्यापूर्वीची आहे. तेव्हा ती या हुकुमाला दिलेले उत्तर होती असे म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. परंतु हुकुमानंतर तिचा अर्थ तीव्र झाला, यात शंका नाही. शासनाच्या समारंभात जे नृत्य अखंड, समाधानी राष्ट्राचे प्रतीक म्हणून नाचले जाई, तेच नृत्य गोणपाटावर अर्धे दिसे. एकाच प्रतीकाची दोन वाचने समोरासमोर उभी राहिली, आणि अर्धे प्रतीक अधिक सत्य ठरले.

५

या कृतींची स्तुती करताना समीक्षकाने आपली कसोटी सैल करू नये. सर्वच आर्पियेरा सारख्या मोलाच्या नाहीत. मागणी वाढली तशी पुनरावृत्ती वाढली. एकच मांडणी अनेकदा शिवली गेली आणि काही चित्रांत रिकामी जागा हा केवळ साचा होऊन बसला. खरेदी करणारी संस्था, परदेशी ग्राहक आणि पोलिसांची भीती या तिहींमुळे विषय कधी सौम्य झाले, याकडे जॅकलिन ॲडम्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. लोकशाहीच्या पुनरागमनानंतर बाजारात आलेल्या पुष्कळ आर्पियेरांत ग्रामीण जीवनाची सुखद दृश्ये उरली. पोटासाठी शिवणाऱ्या स्त्रीला याचा दोष देणे उर्मटपणाचे होईल. पण त्या दुःखाच्या आदरापोटी सर्व कृती सारख्याच लेखणे हाही अनादरच आहे. कारण त्यामुळे या स्त्रियांना केवळ साक्षीदार मानले जाते, कलावंत मानले जात नाही. जेथे अवकाशाची मोजदाद नेमकी आहे, जेथे एक आकृती कमी ठेवण्याचा निर्णय चित्रभर जाणवतो, तेथे तो निर्णय कलेचा आहे आणि त्याचे श्रेय करणारीला दिले पाहिजे.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९८७ मध्ये स्टिंग या इंग्रज गायकाच्या गीतामुळे एकट्या नाचणाऱ्या स्त्रियांची प्रतिमा जगभर गेली. ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतापूर्वी पिनोचेत-विरोधी पक्षांच्या दूरदर्शन-प्रचारात क्वेका सोला दाखविली गेली. मतदारांनी राजवटीस नकार दिला आणि मार्च १९९० मध्ये सत्तांतर झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या स्त्रिया सांतियागोच्या राष्ट्रीय क्रीडागारात नाचल्या. १९७३ मध्ये याच क्रीडागारात हजारो लोकांना बंदी करून ठेवले होते. विकारिया १९९२ च्या अखेरीस बंद झाली. २०१० मध्ये सांतियागोत स्मृती व मानवी हक्क संग्रहालय उघडले, आणि आर्पियेरा आता तेथे जतन केल्या आहेत.

संग्रहालयात पोहोचलेली निषेधकला पुष्कळदा इतिहासाचा अवशेष होऊन राहते. क्वेका सोलाच्या चित्रांचे अद्याप तसे झालेले नाही, आणि त्याचे कारण कलेबाहेरचे आहे. २०२३ मध्ये, उठावाला पन्नास वर्षे होत असताना, चिलीच्या शासनाने बेपत्ता व्यक्तींच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. त्या वेळच्या शासकीय गणनेप्रमाणे १,४६९ व्यक्ती सक्तीने नाहीशा केल्या गेल्या होत्या, आणि त्यांपैकी हजाराहून अधिक जणांचे पुढे काय झाले ते उलगडलेले नव्हते. गोणपाटावरील मोकळ्या जागेत उभे राहावयाचे होते ती ही माणसे. त्यांचा हिशेब लागत नाही तोवर ती जागा रिकामीच राहील, आणि रुमाल धरलेला तो हात खाली येणार नाही.